ऊब देणारे गणित : लिझे माइटनर

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिथे डिसेंबर महिन्यात सकाळी पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारी तीन वाजायच्या आत मावळतो. म्हणजे शाळेत जाणारे मूल अंधारात घराबाहेर पडते आणि अंधारातच घरी परतते. बडोद्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना थंडी म्हणजे उत्तरायणाचे पतंग आणि उंधियू. एखादी रात्र जरा जास्तच गार पडली तर आपण कपाटातला स्वेटर शोधू लागतो. तिकडे मात्र थंडी हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. घर गरम ठेवता आले नाही तर माणूस जगूच शकत नाही. आणि नेमका ज्या दिवसांत सर्वांत जास्त ऊर्जेची गरज, त्याच दिवसांत सूर्य रजेवर गेलेला.

अशा देशांनी वर्षानुवर्षे काय केले? लाकूड जाळले, मग कोळसा जाळला, मग तेल जाळले. आज मात्र स्वीडनमध्ये वीज तयार करण्यासाठी कोळसा आणि तेल जवळजवळ जाळलेच जात नाही. तिथली सर्वांत जास्त वीज नद्यांच्या पाण्यावर तयार होते आणि साधारण ३० टक्के वीज अणुभट्ट्यांतून येते. उरलेल्यात पवनचक्क्यांचा वाटा मोठा आहे. या अणुविजेच्या मुळाशी एक हिशेब आहे. तो हिशेब याच स्वीडनमध्ये, बर्फाने झाकलेल्या रानात, एका साठ वर्षांच्या निर्वासित बाईंनी कागदाच्या कपट्यांवर मांडला. त्यांचे नाव लिझे माइटनर.

गणपती ही आपली विद्येची देवता. तिच्या उत्सवाच्या स्मरणिकेत विद्येसाठी सारे आयुष्य वेचलेल्या, पण विद्येचे श्रेय मात्र पदरात न पडलेल्या या बाईंची ओळख करून द्यावी असे वाटले. मी वीजक्षेत्राचा डिप्लोमा केलेला साधा सरकारी नोकर आहे, शास्त्रज्ञ नाही. त्यामुळे विज्ञान जेवढे मला समजले तेवढेच आणि साध्या शब्दांत सांगतो.

व्हिएन्नातली मुलगी

लिझेचा जन्म ७ नोव्हेंबर १८७८ रोजी ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात झाला. घर ज्यू धर्मीयांचे, पण मोकळ्या वातावरणाचे. वडील फिलिप माइटनर वकील होते. आठ भावंडांत लिझे तिसरी. घरात पुस्तके होती, संगीत होते, वादविवाद होते. एवढे असूनही त्या काळच्या ऑस्ट्रियात मुलींचे सरकारी शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे. त्यापुढे मुलीने काय करायचे? लग्न, नाहीतर फार तर मुलींच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी. लिझेनेही फ्रेंच भाषा शिकवण्याची पात्रता मिळवली. मन मात्र गणितात आणि पदार्थविज्ञानात होते.

१८९७ साली व्हिएन्ना विद्यापीठाचे दार मुलींना उघडले. पण आत जायचे तर मुलांनी शाळेत आठ वर्षे जे शिकायचे त्याची परीक्षा आधी द्यायला हवी. लिझेने खासगी शिकवणी लावून तो सारा अभ्यास साधारण दोन वर्षांत उरकला. १९०१ साली तिच्याबरोबर परीक्षेला बसलेल्या चौदा मुलींपैकी चारच उत्तीर्ण झाल्या. त्या चारांत लिझे होती. विद्यापीठात तिला लुडविग बोल्ट्झमान यांच्यासारखे गुरू लाभले. १९०६ साली तिने पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. व्हिएन्नात या विषयाची डॉक्टरेट मिळवणारी ती दुसरी स्त्री.

आपल्या बडोदेकरांच्या लक्षात राहावे असे एक साल इथे येते. याच १९०६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आपल्या सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि ते मुलांबरोबर मुलींनाही. युरोपच्या मोठ्या शहरांतसुद्धा मुलींच्या शिक्षणाची वाट किती अरुंद होती हे पाहिले की महाराजांच्या त्या निर्णयाचे मोल अधिक कळते.

सुताराच्या खोलीतली प्रयोगशाळा

१९०७ साली लिझे बर्लिनला गेल्या. माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकायची आणि थोडे संशोधन करायचे, एवढाच बेत होता. तिथे त्यांना त्यांच्याच वयाचे रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान भेटले. हान यांना किरणोत्सारी पदार्थांवर काम करायला पदार्थविज्ञान जाणणारा साथीदार हवा होता. अडचण एकच होती. एमिल फिशर यांच्या रसायनशास्त्र संस्थेत बायकांना प्रवेश नव्हता. शेवटी तोडगा निघाला तो असा की तळघरात जी जुनी सुतारकामाची खोली होती तिथे लिझे यांनी काम करावे, येण्याजाण्यासाठी बाहेरचे वेगळे दार वापरावे आणि वरच्या मजल्यांवर पाऊल टाकू नये. पगार नाही. घरून वडील पाठवतील त्या पैशांत भागवायचे.

पुढे प्रशियातील विद्यापीठे मुलींना खुली झाली आणि फिशर यांनीही आपले दार उघडले. १९१२ साली हान आणि माइटनर दोघेही बर्लिनच्या डालेम भागातल्या नव्या कैसर विल्हेल्म रसायनशास्त्र संस्थेत गेले. हान तिथे पगारी, माइटनरबाई आरंभी बिनपगारी पाहुण्या. त्याच साली प्लांक यांनी त्यांना आपली सहायक नेमले, तेव्हा वयाच्या तेहतिसाव्या-चौतिसाव्या वर्षी त्यांच्या हातात पहिला पगार आला.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्या ऑस्ट्रियाच्या लष्करी रुग्णालयांत क्ष-किरण विभागात परिचारिका म्हणून गेल्या. जखमी सैनिकांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण तीस वर्षांनी जेव्हा बॉम्ब बनवण्याचे बोलावणे आले तेव्हा युद्ध म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

परत आल्यावर त्यांना संस्थेत स्वतःचा पदार्थविज्ञान विभाग मिळाला. हान यांच्याबरोबर त्यांनी प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचा शोध लावला. १९२६ साली त्या बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. जर्मनीत पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. लग्न केले नाही. प्रयोगशाळा, सहकारी, विद्यार्थी आणि संध्याकाळचे संगीत, हाच त्यांचा संसार होता.

दहा मार्क आणि एक अंगठी

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ज्यू वंशाच्या प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढण्याचा कायदा झाला. माइटनरबाईंनी १९०८ सालीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण नाझींना धर्माशी कर्तव्य नव्हते, त्यांना वंश हवा होता. बाईंचा शिकवण्याचा अधिकार गेला. पण त्यांचे नागरिकत्व ऑस्ट्रियाचे आणि संस्था पूर्णपणे सरकारी नव्हे, म्हणून संशोधनाचे काम कसेबसे चालू राहिले. अनेक सहकारी देश सोडून गेले. बाई राहिल्या. तीस वर्षांत उभे केलेले काम टाकून जायला मन तयार होईना. तेव्हाच निघायला हवे होते, न जाणे ही केवळ मूर्खपणाची नव्हे तर चुकीची गोष्ट होती, असे त्यांनी पुढे स्वतःच मानले.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. एका रात्रीत बाईंचा पासपोर्ट म्हणजे रद्दी कागद झाला. शास्त्रज्ञांना देशाबाहेर जाऊ द्यायचे नाही अशीही आज्ञा येऊ घातली होती. मग परदेशी मित्रांनी हालचाल केली. नेदरलँड्समधले डिर्क कोस्टर हे बर्लिनला आले. १२ जुलैला बाईंनी नेहमीसारखे संस्थेत काम केले, एका तरुण सहकाऱ्याचा शोधनिबंध रात्री आठपर्यंत तपासून दिला, आणि मग दोन लहान बॅगा भरल्या. निघताना हान यांनी त्यांच्या हातात आपल्या आईची हिऱ्याची अंगठी ठेवली. सीमेवर कोणाचे हात ओले करायची वेळ आली तर असावी म्हणून. १३ जुलै १९३८ रोजी कोस्टर यांच्यासोबत आगगाडीने त्या हॉलंडची सीमा ओलांडून गेल्या. पर्समध्ये दहा मार्क. अंगठी वापरावी लागली नाही.

तिथून त्या स्वीडनला पोहोचल्या. स्टॉकहोमला मान्ने सीगबान यांच्या नव्या संस्थेत त्यांना जागा मिळाली. पण खोली मिळाली म्हणजे प्रयोगशाळा मिळाली असे होत नाही. यंत्रे नाहीत, मदतनीस नाहीत, पगार तुटपुंजा, भाषा नवी. साठीला आलेल्या, एका मोठ्या विभागाच्या प्रमुख राहिलेल्या बाईंना पुन्हा एकदा त्या सुताराच्या खोलीत जाऊन बसल्यासारखे वाटले असेल तर नवल नाही.

बर्फातला ओंडका

त्या वर्षीच्या नाताळात बाई स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या कुंगेल्व या लहान गावी स्नेह्यांकडे गेल्या. त्यांचा भाचा ऑटो फ्रिश हाही पदार्थविज्ञानातलाच. कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे तो काम करत असे. मावशीला सोबत म्हणून तोही आला. मावशीच्या हातात हान यांचे पत्र होते. हान आणि त्यांचे सहकारी फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला होता. हा प्रयोग बाईंनी बर्लिनला असताना त्यांच्यासोबत चार वर्षे चालवलेल्या कामाचाच पुढचा भाग होता. युरेनियमपासून त्याच्या आसपासचे जड मूलद्रव्य मिळेल अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मिळाले बेरियम, म्हणजे युरेनियमच्या जेमतेम निम्म्या वजनाचे मूलद्रव्य. हान रसायनात पक्के, त्यामुळे ते बेरियमच आहे याबद्दल शंका नव्हती. पण हे घडले कसे, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

मावशी-भाचे बाहेर फिरायला निघाले. फ्रिश बर्फावर स्कीवरून घसरत चालला होता आणि मावशी पायीच त्याच्या बरोबरीने चालत होती. चालता चालता चर्चा रंगली. अणूचे केंद्रक दगडासारखे घट्ट नसून पाण्याच्या थेंबासारखे असावे, अशी कल्पना बोर यांनी मांडली होती. युरेनियमचे केंद्रक म्हणजे इतका मोठा थेंब की तो आधीच डळमळीत. त्यात एक न्यूट्रॉन शिरला की थेंब लांबट होतो, मध्ये बारीक होतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. युरेनियमचा अणुक्रमांक ९२. बेरियमचा ५६. राहिले ३६, म्हणजे क्रिप्टॉन वायू. हिशेब चोख बसला.

मग दोघे एका पडलेल्या झाडाच्या ओंडक्यावर बसले आणि खिशातल्या कागदाच्या कपट्यांवर पुढची आकडेमोड सुरू झाली. दोन्ही तुकड्यांवर धन विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना प्रचंड जोराने ढकलणार. ही ऊर्जा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. एवढी ऊर्जा आली कुठून? माइटनरबाईंना निरनिराळ्या केंद्रकांची वजने काढण्याची रीत पाठ होती. त्यांनी हिशेब केला. दोन तुकड्यांचे मिळून वजन मूळ केंद्रकापेक्षा एका प्रोटॉनच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके कमी भरत होते. आइन्स्टाइनच्या सूत्रात तो आकडा घातला की उत्तर तेच, सुमारे २० कोटी.

हा आकडा किती मोठा हे कोळशाच्या तुलनेत कळते. कोळशातला कार्बनचा एक अणू जळतो तेव्हा साधारण चार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. म्हणजे युरेनियमचा एक अणू फुटणे हे कार्बनचे सुमारे पाच कोटी अणू जळण्यासारखे. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण फुटले तर अडीच हजार टनांहून अधिक चांगल्या कोळशाचे काम करते, आणि त्यात धूर नाही की कार्बन डायऑक्साइड नाही.

हान आणि श्ट्रासमान यांचा निबंध जानेवारी १९३९ मध्ये जर्मनीत छापून आला. त्यावर माइटनर यांचे नाव नव्हते. पळून गेलेल्या ज्यू बाईचे नाव त्या काळच्या जर्मनीत घालणे शक्यच नव्हते. माइटनर आणि फ्रिश यांचे स्पष्टीकरण ११ फेब्रुवारी १९३९ च्या नेचर या नियतकालिकात आले. पेशी दुभंगण्यासाठी जीवशास्त्रात जो शब्द होता तोच फ्रिशने इथे वापरला. आपण मराठीत त्याला अणुविखंडन म्हणतो.

नकार

युद्ध सुरू झाले आणि या शोधातून बॉम्ब होऊ शकतो हे सगळ्यांच्या ध्यानात आले. १९४३ साली माइटनरबाईंना अमेरिकेतल्या अणुबॉम्बच्या कामात येण्याचे बोलावणे आले. स्वीडनमधल्या उपेक्षेतून सुटका, चांगली प्रयोगशाळा, जुने मित्र, सारे काही मिळणार होते. शिवाय समोर हिटलर होता, ज्याने त्यांना घरातून हाकलले होते. तरीही त्यांनी ठाम नकार दिला. भाचा फ्रिश तिकडे गेला, मावशी गेली नाही. दोघांपैकी कोण बरोबर, हा निवाडा मी करू धजत नाही. पण सूड घेण्याचे एवढे कारण असलेल्या माणसाने नाही म्हणणे याला मोठे मन लागते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला. वर्तमानपत्रवाले बाईंच्या मागे लागले आणि त्यांना बॉम्बची आई ठरवून मोकळे झाले. ज्या कामाला त्यांनी हात लावला नाही त्याचे श्रेय त्यांच्या गळ्यात घालण्यात आले. आणि जे काम खरोखर त्यांचे, त्याचे? त्याच वर्षी नोव्हेंबरात १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. ते एकट्या ऑटो हान यांना. नोबेल देणारे शहर स्टॉकहोम, आणि बाई राहत होत्या त्याही स्टॉकहोमलाच.

बाईंनी जाहीर तक्रार केली नाही. हान यांच्याशी मैत्रीही तोडली नाही. परंतु मैत्री म्हणून गप्पही बसल्या नाहीत. नाझींच्या राज्यात जर्मन शास्त्रज्ञांनी आपापले काम सांभाळत मूकपणे सारे चालू दिले, हे त्यांनी हान यांना पत्रातून स्पष्ट लिहिले होते. ते पत्र हान यांच्या हाती पोहोचले नाही, ही गोष्ट वेगळी.

स्टॉकहोमच्या खडकाखाली

१९४७ साली बाईंना स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नीट पगाराची जागा आणि मदतनीस मिळाले. १९४९ साली त्या स्वीडनच्या नागरिक झाल्या. याच संस्थेच्या आवारात, शहराच्या मधोमध, जमिनीखाली सुमारे २५ मीटर खडक पोखरून स्वीडनची पहिली अणुभट्टी उभी राहिली. नाव आर-१. तिच्या संशोधनात माइटनरबाईंचाही सहभाग होता. ती भट्टी सुरू झाली १३ जुलै १९५४ रोजी. वाचकांच्या लक्षात आले असेल, १३ जुलै. सोळा वर्षांपूर्वी याच तारखेला दहा मार्क घेऊन बाई जर्मनीची सीमा ओलांडत होत्या.

त्यानंतर जे घडले ते थंड देशांच्या दृष्टीने महत्त्वाचे. स्टॉकहोमच्या दक्षिणेला ओगेस्ता येथे खडकाच्या पोटात दुसरी भट्टी बांधली गेली. १९६३ साली ती चालू झाली. तिची उष्णता सुमारे ६५ मेगावॉट. त्यातल्या साधारण १० मेगावॉटची वीज होई आणि उरलेली ५५ मेगावॉट उष्णता गरम पाण्याच्या रूपाने नळांतून जवळच्या फार्स्ता या नव्या उपनगरातल्या घरांत जाई. आपल्याकडे नळाला पाणी येते तशी तिकडे घरात ऊब येऊ लागली.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. कोणत्याही औष्णिक केंद्रात, मग ते कोळशाचे असो वा अणूचे, तयार झालेल्या उष्णतेच्या साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते. बाकीची उष्णता समुद्रात, नदीत किंवा कूलिंग टॉवरमधून हवेत सोडून द्यावी लागते. आपल्या गरम प्रदेशात तिचे करायचे तरी काय? पण जिथे बाहेर उणे दहा अंश आहे तिथे हीच फुकट जाणारी उष्णता म्हणजे लक्ष्मी. स्वित्झर्लंडमधल्या बेझ्नाऊ केंद्रातून आजूबाजूच्या गावांना १९८०च्या दशकापासून अशी ऊब पुरवली जाते. रशियाच्या उत्तर टोकाला पेवेक गावात तरंगत्या अणुकेंद्रातून वीज आणि ऊब दोन्ही मिळतात. उत्तर चीनमधल्या हायांग शहरात अणुकेंद्राची उष्णता घरोघरी पोहोचल्यावर कोळशाचे जुने बॉयलर बंद झाले.

ओगेस्ता मात्र १९७४ साली बंद झाले. लहान भट्टी चालवणे परवडेना आणि सुरक्षेचे निकषही कडक झाले. पण तोपर्यंत स्वीडनने मोठ्या भट्ट्यांकडे मोर्चा वळवला होता. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा घरे गरम ठेवण्यासाठी तेलावर विसंबलेल्या या देशाचे डोळे उघडले. १९७२ ते १९८५ या काळात ओस्कारशाम्न, रिंगहाल्स, बार्सेबेक आणि फॉर्समार्क येथे मिळून बारा अणुभट्ट्या चालू झाल्या. हिवाळ्यात नद्या गोठल्या, पाऊसमान कमी झाले किंवा वारा पडला तरी या भट्ट्या रात्रंदिवस चालतात. १९७०च्या सुमारास स्वीडनचा माणूस जितका कार्बन डायऑक्साइड हवेत सोडत होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी आज सोडतो. हे एकट्या अणूचे श्रेय नाही. नद्या, जंगलातले लाकूड, कचऱ्यापासूनची ऊब, १९९१ सालचा कार्बनवरचा कर, हे सारे त्यात आले. पण कडाक्याच्या थंडीत भार सांभाळणारा मोठा खांब अणूचाच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात झाला आणि पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये या प्रश्नावर सार्वमत घ्यावे लागले. १९८६ साली चेर्नोबिलच्या स्फोटाची पहिली चाहूल पश्चिमेकडे लागली ती फॉर्समार्कला, एका कर्मचाऱ्याच्या बुटावरच्या किरणोत्साराने गजर वाजला तेव्हा. बारापैकी सहा भट्ट्या आता बंद झाल्या आहेत. वापरलेले इंधन हजारो वर्षे जपून ठेवायचे आहे, त्यासाठी फॉर्समार्कलाच जमिनीत खोल खडकात जागा तयार होत आहे. वीज आपण वापरायची आणि राखण पुढच्या पिढ्यांनी करायची, हा हिशेब सोपा नाही. तरीही धुराच्या आणि तापणाऱ्या पृथ्वीच्या हिशेबाशी तो ताडून पाहावाच लागतो.

शेवटचे दिवस

१९६० साली माइटनरबाई इंग्लंडमध्ये केंब्रिजला भाच्याजवळ राहायला गेल्या. १९६६ साली अमेरिकेने हान, माइटनर आणि श्ट्रासमान या तिघांना मिळून फर्मी पुरस्कार दिला. प्रवास झेपत नव्हता, म्हणून तो द्यायला ग्लेन सीबोर्ग स्वतः केंब्रिजला आले. तिन्ही नावे एकत्र यायला सत्तावीस वर्षे लागली. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाला काही दिवस उरले असताना, बाईंनी जगाचा निरोप घेतला. हान त्याच वर्षी जुलैत गेले होते. आणखी एक गोष्ट त्याच वर्षी झाली. बाईंना आसरा देणारा स्वीडन त्या काळात स्वतः अणुबॉम्ब करावा की नाही या विचारात होता. ऑगस्ट १९६८ मध्ये त्याने अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारावर सही केली. अणू घरात ऊब देण्यासाठी ठेवायचा आणि शस्त्रासाठी नाही, हा निर्णय बाईंच्या डोळ्यांदेखत झाला.

हॅम्पशायरमधल्या ब्रॅम्ली या खेड्यात, धाकट्या भावाच्या शेजारी त्यांची समाधी आहे. तिच्यावरचा मजकूर फ्रिशने लिहिला. त्यात शोधाचा उल्लेख नाही. शास्त्रज्ञ असून माणुसकी न हरवलेली व्यक्ती, अशा अर्थाची एवढीच ओळख आहे.

नोबेल त्यांना मिळाले नाही ते नाहीच. पण १९९७ साली १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला माइटनेरियम हे नाव अधिकृतपणे मिळाले. हान यांचे नाव १०५ क्रमांकाच्या मूलद्रव्याला द्यावे असेही सुचवले गेले होते, पण त्याला शेवटी डुब्नियम हे नाव पडले. काळ आपला हिशेब कधी कधी असा उशिरा चुकता करतो.

आपल्या गुजरातेत तापीकाठच्या काक्रापार येथे २२० मेगावॉटच्या दोन आणि ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या आहेत. ओगेस्ताप्रमाणेच त्याही जड पाण्यावर चालणाऱ्या. आपली गरज उलटी, इथे मे महिन्यातले पंखे आणि एसी चालवायचे असतात. पण तिकडचा हीटर असो की आपल्या मांडवातली रोषणाई, अणूकडून येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे तोच बर्फातला ओंडका आणि तीच कपट्यांवरची आकडेमोड आहे. यंदा आरतीनंतर मंडळाच्या मुलामुलींना एखादी गोष्ट सांगायची झाली तर ही जरूर सांगा. विशेषतः मुलींना.